मेयो

आम्ही मेयोत जन्मलो, असे सांगितले तर कामठी-नागपूरकडच्या माणसाला त्यात काही नवल वाटत नाही. इकडच्या निम्म्या गरीब लोकांचा जन्म मेयोतच झालेला असतो. सरकारने या दवाखान्याला कधीचेच इंदिराजींचे नाव दिले आहे, पण रिक्षावाल्याला 'मेयो' म्हटल्याशिवाय कळत नाही. मेयो म्हणजे काय, हे मात्र आम्ही बी.एड. होऊन उर्दू शाळेत शिकवायला लागलो तरी आम्हांला ठाऊक नव्हते. कोणीतरी इंग्रज डॉक्टर असेल, एवढाच अंदाज.

मेयो हा डॉक्टर नव्हता. तो हिंदुस्थानचा व्हाईसरॉय होता. १८६९ साली आला आणि ८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानात शेर अली आफ्रिदी नावाच्या पठाण कैद्याने त्याला सुरीने मारले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत या शेर अलीला क्वचितच जागा मिळते. 'मेयो' हे त्या लॉर्डाचे आडनावही नव्हते. आडनाव बर्क. मेयो ही त्याच्या घराण्याची पदवी, आणि ती आयर्लंडच्या पश्चिम टोकाला असलेल्या एका परगण्यावरून घेतलेली. गंमत अशी की, लॉर्डसाहेबांचे घर त्या परगण्यात नव्हतेच. ते डब्लिनजवळच्या किल्डेअरमध्ये राहायचे. मेयोत माणसे उपाशी मरत होती आणि पदवी दुसरीकडे नांदत होती.

हे सगळे धुंडाळायचे कारण घरचेच आहे. आमचे खालाजाद भाऊ, ज्यांना आम्ही भाईजान म्हणतो, ते २०२२ पासून त्या खऱ्या मेयोत राहतात. बॅलीहॉनिस नावाच्या छोट्या गावात मांसाच्या कारखान्यात ते हाडापासून मांस सोडवण्याचे काम करतात. त्यांच्या आधीच्या तीन पिढ्यांनी हेच काम कामठीत केले. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली आणि आमच्या कुरैशी मोहल्ल्यातल्या अर्ध्या दुकानांची शटर खाली आली. म्हशीच्या मांसाला कायद्याने मुभा होती, पण रस्त्यात गाडी अडवणारा आधी कायदा वाचत नाही. भाईजानने काही वर्षे निर्यातीच्या कारखान्यात काढली, काही दिवस आखातात काढले, मग एका एजंटामार्फत आयर्लंडचा कामाचा परवाना मिळाला. ज्या हुनरासाठी इथे मान खाली घालून बोलावे लागत होते, त्याला तिथे 'कुशल कामगार' म्हणतात, असे त्यांनी पहिल्या महिन्यात फोनवर सांगितले. खालाजान रडल्या. आनंदाने की दुःखाने, ते आम्ही विचारले नाही.

आता प्रश्न भाभीचा आहे. तिकडच्या नियमाप्रमाणे अशा परवान्यावरच्या माणसाला बायकामुलांना बोलवायला एक वर्ष थांबावे लागते आणि ठराविक पगार दाखवावा लागतो. भाईजानची दोन्ही पूर्तता झाली. भाभीने मात्र आम्हांला गाठून विचारले, "आपा, सच बताओ, वो गाँव कैसा है? हमारे बच्चे वहाँ क्या बनेंगे?" मोहल्ल्यात लहानथोर सगळे आम्हांला आपाच म्हणतात आणि खानदानात एकट्या आम्हीच मास्तरकी करतो, म्हणून नळाच्या बिलापासून आयर्लंडपर्यंतचे सगळे सवाल आमच्याकडेच येतात. गाव आम्ही पाहिलेले नाही. पासपोर्टसुद्धा काढलेला नाही. पण सवाल आला की अभ्यास करायचा, ही आमची सवय. दोन उन्हाळ्यांच्या सुट्या त्यात गेल्या.

सुरुवात नावापासून केली. बॅलीहॉनिस हे इंग्रजांनी कानाने ऐकून कागदावर उतरवलेले रूप आहे. मूळ आयरिश नावात तीन शब्द आहेत: तोंड, नदीचा उतार आणि झगडा. म्हणजे जिथे नदी पायी ओलांडता येते अशा भांडणाच्या उताराचे तोंड. डॅलगन नावाची लहानशी नदी गावातून वाहते, वर टेकडीवर ऑगस्टिनियन फकिरांचा मध्ययुगीन मठ आहे आणि त्याच्या पायथ्याशी गाव वाढले. 'मेयो' म्हणजे य्यू नावाच्या झाडांचे मैदान. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी सगळा आयर्लंड मोजला, नकाशे काढले आणि हजारो गावांची नावे इंग्रजी कानाला सोयीची करून टाकली. आता तिथल्या पाट्यांवर दोन्ही नावे असतात, वर तिरप्या अक्षरांत आयरिश आणि खाली इंग्रजी. गावांच्या नावांवरून आपल्याकडे अलीकडे जे काही चालले आहे, ते पाहता आम्हांला त्या दोन ओळींच्या पाटीचा हेवा वाटला. एक नाव लिहायला दुसरे पुसावे लागत नाही.

मेयो परगण्याचा खरा इतिहास भुकेचा आहे. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि तो पुढची कित्येक वर्षे हटला नाही. गरीब आयरिश माणूस तीन वेळा बटाटाच खायचा, कारण चांगली जमीन जमीनदाराची आणि धान्य, जनावरे खंड भरण्यासाठी विकायची. बंदरांतून इंग्लंडकडे धान्य आणि गुरे जातच राहिली. देशात सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने मेली, त्याहून जास्त जहाजांत बसून गेली. १८४१ च्या शिरगणतीत मेयोत ३ लाख ८८ हजार ८८७ माणसे होती. १८५१ साली २ लाख ७४ हजार ४९९. दहा वर्षांत दर दहातली तीन माणसे नाहीशी. आणि ही घसरण तिथे थांबली नाही, शंभर वर्षे चालू राहिली. १९७१ मध्ये मेयोत १ लाख १० हजारांहून कमी लोक उरले होते. २०२२ साली ती संख्या पुन्हा १ लाख ३८ हजारांच्या आसपास आली आहे, म्हणजे दुष्काळापूर्वीच्या निम्मीसुद्धा नाही.

इथे एक गोष्ट आमच्या वाचकांना सांगावीशी वाटते, कारण ती मोबाईलवर फार फिरते. दुष्काळात उस्मानी सुलतान अब्दुल मजीदने आयर्लंडला मदत पाठवली. एक हजार पौंड पाठवले, ते पक्के आहे, त्याची नोंद आहे. धान्याने भरलेली तीन जहाजे गुपचूप ड्रॉहेडाच्या बंदरात आली आणि म्हणून त्या गावाच्या फुटबॉल संघाच्या चिन्हात चाँद-तारा आहे, हे जे पुढे सांगतात, त्यातला चाँद-तारा दुष्काळाच्या कितीतरी आधीपासून त्या गावाच्या चिन्हात आहे, आणि जहाजांचा भक्कम कागद कोणी दाखवलेला नाही. आमच्या वर्गात एका मुलाने ही गोष्ट मोठ्या जोशात सांगितली, तेव्हा आम्ही त्याला म्हटले, बेटा, हजार पौंड काय कमी आहेत? खऱ्यावर खोट्याचा मुलामा कशाला? कलकत्त्यातही त्या काळी आयर्लंडसाठी वर्गणी जमली होती आणि ती देणाऱ्यांत हिंदुस्थानी माणसेही होती. ही बातमी मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

याच मेयोत १८४६ साली, दुष्काळाच्या ऐन काळात, मायकेल डेव्हिट जन्मला. तो चार-पाच वर्षांचा असताना जमीनदाराने त्याच्या घरच्यांना झोपडीतून हाकलले. कुटुंब इंग्लंडमध्ये गेले. तिथे अकराव्या वर्षी कापडगिरणीच्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला. कामठीत मागमावर बसणाऱ्या घरांत वाढलेल्या आम्हांला ही ओळ वाचून पुस्तक थोडा वेळ मिटावे लागले. हाच एकहाती डेव्हिट १८७९ साली परत आला आणि मेयोतच कुळांची लँड लीग उभी राहिली. दादाभाई नौरोजींना आयर्लंडमधल्या एखाद्या जागेवरून इंग्लंडच्या पार्लमेंटात पाठवावे, असा विचार मांडणारा हाच डेव्हिट. ते घडले नाही, पण विचार कोणाला सुचला हे महत्त्वाचे. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, मेयोच्या दक्षिणेला कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी लोकांनी सगळा व्यवहार तोडला. दुकानदार माल देईना, लोहार नाल ठोकेना, पोस्टमन पत्र आणीना. शेवटी पीक काढायला उत्तरेतून पन्नास मजूर आणि त्यांच्या रक्षणाला फौज आणावी लागली. त्याचे आडनाव शब्दकोशात गेले. टिळकांच्या चतुःसूत्रीतल्या ज्या बहिष्काराबद्दल शाळेत शिकवतो, त्याचा इंग्रजी शब्द बॅलीहॉनिसपासून तासाभराच्या अंतरावर जन्मला आहे.

अर्थात, बहिष्कार ही दुधारी चीज आहे. मजबूत जमीनदाराविरुद्ध वापरली की इतिहास होते आणि कमजोर शेजाऱ्याविरुद्ध वापरली की काय होते, ते आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

बॅलीहॉनिसला रेल्वे आली १८६१ साली. डब्लिनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या त्या रुळांनी गावाला बाजारपेठ दिली. गुरांचे बाजार भरू लागले, रस्त्यावर दुकाने आली. पण मेयोच्या लोकांनी त्या गाडीचा उपयोग मुख्यतः निघून जायलाच केला. इंग्लंड, अमेरिका. मागे म्हातारे, मेंढ्या आणि पाऊस. गावांत लग्नाची मुले मिळेनात, शाळा ओस पडू लागल्या. साल १९७० च्या आसपास कोणी म्हटले असते की, या गावात एक दिवस बाहेरून माणसे येतील, तर लोक हसले असते.

माणूस आला तो लंडनहून, आणि जन्माने पाकिस्तानी. शेर रफीक त्यांचे नाव. सत्तरच्या दशकात त्यांनी बॅलीहॉनिसमध्ये हलाल मांसाचा कारखाना काढला. व्यापाराचे गणित सरळ होते. मेयोत मेंढ्या आणि गुरे भरपूर, मजुरी स्वस्त, रेल्वे आहे, आणि अरब देशांत तेलाच्या पैशामुळे मांसाची मागणी वाढलेली. फक्त बिस्मिल्लाह म्हणून सुरी फिरवणारे हात आयर्लंडमध्ये नव्हते. ते हात पाकिस्तानातून, सीरियातून आणि इतर देशांतून आले. सुरुवातीला एकटे पुरुष, मग त्यांच्या बायका, मग मुले. १९८७ साली रफीक साहेबांनी कारखान्याशेजारी मशीद बांधली. सुमारे दीडशे माणसे नमाज पढू शकतील एवढीच. पण मशीद म्हणूनच पायापासून बांधलेली ती आयर्लंड प्रजासत्ताकातली पहिली इमारत ठरली. डब्लिनच्या मुसलमानांनी तोवर एका जुन्या चर्चची इमारत विकत घेऊन मशीद केली होती. त्यांची मोठी घुमटाची मशीद १९९६ ला झाली. राजधानीच्या आधी खेड्याने मान मिळवला.

एका शेरमुळे मेयोचा लॉर्ड अंदमानात संपला आणि दुसऱ्या शेरमुळे मेयोतले गाव वाढले. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. तरी आम्ही तो वर्गात सांगतो, कारण मुलांना त्यामुळे दोन्ही सनावळ्या लक्षात राहतात.

ही कहाणी सगळीच सुखाची नाही. रफीकांचा समूह वाढत वाढत युनायटेड मीट पॅकर्स झाला आणि १९९२ साली कर्जाखाली कोसळला. शेकडो माणसांचे काम गेले. आम्हांला त्या वर्षाबद्दल सगळ्यात जास्त कुतूहल आहे. कारखाना बुडाला की परदेशी कामगार सामान बांधतो, हा जगाचा रिवाज. बॅलीहॉनिसमधले सगळे गेले नाहीत. मुले शाळेत होती, घरे घेतलेली होती. कारखाने दुसऱ्या हातांत गेले, आणि आज गावात गोमांसाचे काम आहे, कोंबडीचेही आहे. याच १९९२ मध्ये क्लेअर परगण्यातून डॉ. मूसाजी भामजी आयर्लंडच्या संसदेवर निवडून आले. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले, हिंदुस्थानी वंशाचे, पेशाने मनोविकारतज्ज्ञ. त्या संसदेतले पहिले मुसलमान. त्यांना निवडून देणाऱ्या मतदारांत मुसलमान किती असतील, याचा हिशेब बोटांवर होईल.

पुढे गावात वेगवेगळ्या लाटा आल्या. सिस्टर लोकांचे जुने कॉन्व्हेंट रिकामे होते, तिथे आश्रय मागणाऱ्यांची छावणी झाली. आफ्रिका, पूर्व युरोप, पश्चिम आशिया, कुठकुठची माणसे. वर्षानुवर्षे त्यांना काम करायची परवानगी नव्हती, प्रौढ माणसाला आठवड्याला १९ युरो १० सेंट हातखर्ची मिळे, आणि ही रक्कम सुमारे सतरा वर्षे बदलली नाही. कामाची परवानगी २०१८ ला मिळाली. आयर्लंडने स्वतःच्या दुष्काळाची स्मारके फार सुंदर बांधली आहेत. मेयोच्या किनाऱ्यावर मुरिस्कला सांगाड्यांनी वेढलेल्या जहाजाचे शिल्प आहे. ते शिल्प उभारणाऱ्या देशाने पाहुण्याला एकोणीस युरोंवर बसवून ठेवावे, हे आम्हांला पटले नाही. भाईजानला म्हटले, तर ते म्हणाले, "आपा, यहाँ के लोग भी यही बोलते हैं." २००४ नंतर पोलंड, लाटव्हिया, लिथुआनियाची माणसे आली. २०११ च्या शिरगणतीत बॅलीहॉनिसमध्ये दर शंभरात ४२ माणसे आयरिश नागरिक नव्हती. आयर्लंडच्या सगळ्या गावांत हे प्रमाण सर्वांत जास्त. २०१६ मध्ये ते ३९.५ टक्के झाले, पण क्रमांक पहिलाच राहिला. कमी झाले याचे एक कारण असे की, बरेच लोक दरम्यान आयरिश नागरिक होऊन गेले. आणि गाव केवढे? २००२ साली दीड हजाराच्या आत, २०२२ साली पावणेतीन हजारांच्या आसपास. आमच्या मोहल्ल्याच्या दोन गल्ल्यांत एवढी माणसे भरतील.

भाभीला आम्ही हे आकडे वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "ये सब ठीक है. स्कूल का बोलो."

शाळेचे सांगायचे तर आयर्लंडमधल्या बहुतेक प्राथमिक शाळा चर्चच्या व्यवस्थापनाखाली आहेत, पगार सरकारचा. आपल्याकडच्या अनुदानित संस्थांसारखेच काहीसे. गावातल्या प्राथमिक शाळेचे नाव 'स्कॉल ईसा'. स्कॉल म्हणजे शाळा. आणि ईसा म्हणजे ईसाच. आयरिश भाषेत येशू ख्रिस्ताला जो शब्द आहे, त्याचा उच्चार आपल्या 'ईसा'च्या इतका जवळ आहे की, फोनवर भाईजानने सांगितले तेव्हा आम्हांला वाटले ते हजरत ईसा अलैहिस्सलाम यांच्याबद्दल बोलत आहेत. बोलत होतेच म्हणा. त्या ईसाच्या शाळेत मुहम्मद, फातिमा, बिलाल अशा नावांची मुले शिकतात. धर्माच्या तासाला बाजूला बसायचा हक्क राज्यघटनेने दिला आहे. दुसरीच्या वर्गात कॅथॉलिक मुलांची पहिल्या कम्युनिअनची तयारी चालते, तेव्हा बाकीची मुले मागे बसून चित्रे काढतात. मागे बसणे हे मागे बसणेच असते, हे आम्ही मास्तरकी करत असल्याने लपवणार नाही. पण आमच्या ओळखीतल्या मुलांना इंग्रजी शाळांत परिपाठाच्या वेळी जे करावे लागते, त्यापेक्षा ते सोपे वाटते.

खेळाचे तर वेगळेच. मेयो परगणा आयरिश फुटबॉलसाठी वेडा आहे. १९५१ साली देशाचे विजेतेपद मिळवले. लोक म्हणतात, विजयाच्या मिरवणुकीत खेळाडूंनी वाटेतल्या जनाजाला मान दिला नाही म्हणून पाद्र्याची बद्दुआ लागली. त्यानंतर २०२१ पर्यंत अकरा अंतिम सामने हरले. (आमच्या अम्मीचे मत: कोणीतरी नजर उतरवायला हवी होती.) बॅलीहॉनिस मात्र फुटबॉलपेक्षा हर्लिंगसाठी ओळखले जाते. हा काठीचा आणि चेंडूचा खेळ. वेग पाहिला तर आपल्या हॉकीचा थोरला, रागीट भाऊ वाटावा. आणि त्या काठ्या फिरवणाऱ्यांत पाकिस्तानी घरांची मुलेही आहेत. शेजारच्या बॅलाहॅडेरीन गावचा, पाकिस्तानात जन्मलेला एक मुलगा २०१६ साली देश जिंकणाऱ्या मेयोच्या २१ वर्षांखालील फुटबॉल संघात होता. आणि ३१ जुलै २०२० ला, करोनामुळे अंतर ठेवून नमाज पढायला जागा हवी होती, तेव्हा डब्लिनच्या ज्या क्रोक पार्क मैदानावर हे अंतिम सामने होतात, तिथेच बकरीदची नमाज झाली. १९२० मध्ये याच मैदानात इंग्रज सरकारच्या माणसांनी प्रेक्षकांवर गोळ्या झाडल्या होत्या.

भाषेबद्दल मात्र आम्ही भाभीला काही गोड सांगू शकलो नाही. १८३१ पासून आयर्लंडमध्ये सरकारी शाळा सुरू झाल्या, इंग्रजी माध्यमाच्या. घरी आयरिश बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात काठी अडकवत आणि तो आयरिश शब्द बोलला की काठीवर खाच पाडत. संध्याकाळी खाचा मोजून छड्या. यात आईबापही सामील होते, कारण अमेरिकेत आयरिश चालत नाही, इंग्रजी चालते. देश स्वतंत्र झाल्यावर आयरिश सक्तीची झाली. शंभर वर्षे प्रत्येक शाळेत शिकवली. २०२२ मध्ये १८ लाख ७० हजारांहून जास्त लोकांनी सांगितले की आम्हांला आयरिश येते. शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले ७१ हजार ९६८. शिक्षकखोलीत आम्ही हे आकडे सांगितले तेव्हा आमचे मुख्याध्यापक बराच वेळ चहा ढवळत राहिले. आमची गोष्ट उलटी आहे. उर्दू घरात आहे, गल्लीत आहे, भांडणात आणि लोरीत आहे, पण शाळेच्या पटावरून एकेक नाव कमी होते आहे. भाभीची मुलगी सातवीत आणि मुलगा तिसरीत आमच्याच शाळेत आहेत. दोघे गेले की तिसरीचा पट संचमान्यतेच्या काठावर येतो, आणि एका शिक्षकाला 'अतिरिक्त' ठरवायला तेवढे पुरते. तो शिक्षक आम्हीही असू शकतो. भाभीला हे माहीत आहे. तिने आम्हांलाच सल्ला विचारला, यात तिचा भोळेपणा आहे की विश्वास, ते तिलाच माहीत.

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये डब्लिन भागात भारतीयांवर हल्ल्यांच्या बातम्या आल्या. आपल्या दूतावासाला सूचना काढावी लागली, सुनसान जागी जाऊ नका म्हणून. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्लिनमध्ये परदेशी लोकांच्या द्वेषातून दंगल झालीच होती, गाड्या जळाल्या. हे त्या देशात, जिथे मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर, २०१७ मध्ये पंतप्रधान झाला होता. खालाजान म्हणाल्या, "तो इधर क्या बुरा था?" भाईजान म्हणाले की, बॅलीहॉनिसमध्ये तसे काही झाले नाही, पण रात्रपाळीहून आता दोघेतिघे मिळून घरी जातो. आम्ही भाभीपासून यातले काही लपवले नाही. खेड्यात लोक एकमेकांना तोंडाने ओळखतात. कारखान्यात शेजारी उभा राहणारा, मुलाच्या संघात पालक म्हणून येणारा माणूस 'ते लोक' राहत नाही. बॅलाहॅडेरीनमध्ये २०१७ साली बंद पडलेल्या हॉटेलात सीरियन निर्वासित ठेवले, तेव्हा गावाने त्यांना ज्या रीतीने वागवले त्याबद्दल त्याच वर्षी त्या गावाला राष्ट्रीय सन्मान मिळाला. पण खेड्यातही वाऱ्याची दिशा बदलते, हे आम्ही कामठीत राहून जाणतो. कुठलेही गाव कायमचे चांगले म्हणून लिहून देता येत नाही.

आमच्या नजरेने बॅलीहॉनिसचा स्वभाव सांगायचा तर ते मोठ्या मनाचे गाव आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तो शब्द पुरस्कार देणाऱ्यांसाठी. ते गरजेतून शहाणे झालेले गाव आहे. शंभर वर्षे माणसे जात राहिली, म्हणून येणाऱ्याची किंमत कळली. दुकाने चालायला गिऱ्हाईक हवे होते, शाळा चालायला मुले हवी होती, संघाला पंधरा खेळाडू हवे होते. पटसंख्येची भीती त्यांनाही होती. ती त्यांनी वेगळ्या रीतीने सोडवली, एवढेच.

भाभीने शेवटी अर्ज भरला आहे. निकाह आणि जन्माचे दाखले, त्यांची इंग्रजी भाषांतरे, भाईजानच्या पगाराचे कागद, असा गठ्ठा आम्हीच लावून दिला. भाईजान सांगतात, डिसेंबरात सव्वाचारला मगरिब होते आणि जूनमध्ये रात्री दहानंतर. मुलगा विचारतो, मग खेळायला किती वेळ मिळेल. मुलीने बालभारतीची उर्दूची पाचवीपासूनची पुस्तके काढून ठेवली आहेत आणि फुफीजान, दर रविवारी व्हिडिओवर तास घ्याल ना, असे आमच्याकडून कबूल करून घेतले आहे. भाभीने वजनकाट्यावर एक बॅग तोलून पाहिली. पुस्तकांसाठी जागा करायला दोन किलो तिखटातले एक किलो बाहेर काढले, मग थोडा विचार करून ते परत ठेवले आणि भाईजानची जुनी रजई काढली.